अर्धी वाटी

माणूस किती जेवला, हे मी त्या माणसाला न बघता सांगू शकते. एकोणीस वर्षं पगार त्याचाच घेते आहे. जेवणं आटोपली की वॉर्डांमधून ट्रॉल्या परत येतात, स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात ओळीने उभ्या राहतात आणि मी एकेक झाकण उचलून ट्रेमध्ये काय उरलंय ते बघते. मग लिहिते. पूर्ण, पाऊण, अर्धं, पाव, काही नाही. प्रत्येक पदार्थापुढे या पाच चौकटी असतात, त्यातल्या एकीत खूण करायची. माझ्या खुणांवरून आमच्या आहारतज्ज्ञ मॅडम कोष्टक लावून कॅलरी काढतात आणि कॅलरी बघून डॉक्टर ठरवतात, कोणाला घरी सोडायचं आणि कोणाच्या नाकात नळी घालायची. एका मजल्यावर चाळीस खाटा, असे तीन मजले माझ्याकडे आहेत.

आमचा आचारी मला पाऊणताई म्हणतो. मी कोणालाच पूर्ण देत नाही, असं त्याचं म्हणणं. आता ताटाच्या कडेला चिकटलेली शितं मला दिसतात, त्याला मी काय करू?

पेशंट लोक भारी असतात. ज्याला जेवण गेलेलं नाही तो भात ताटभर पसरून ठेवतो, म्हणजे कमी उरल्यासारखा दिसावा. ज्याने मनापासून खाल्लंय त्याचा उरलेला भात एका कडेला गोळा असतो. कोणी उकडलेलं अंडं कागदी रुमालात गुंडाळून सुपाच्या वाटीत बुडवून ठेवतं. कोणाचं जेवण भेटायला आलेले नातेवाईकच फस्त करतात. एकदा पुरुषांच्या वॉर्डातून लिपस्टिक लागलेला चमचा आला होता. मी त्या ट्रेपुढे सगळीकडे ‘काही नाही’वर खूण केली आणि सिस्टरना सांगितलं, त्यांच्या बायकोला म्हणावं उद्यापासून स्वतःचा डबा आणा. तेव्हापासून माझी नजर चुकत नाही, असं सगळा मजला म्हणायला लागला. मीही म्हणत होते.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते कोणा अडाणी बाईच्या हातून झालेलं नाही.

बाबांच्या पोटात गाठ निघाली. बाबा एकाहत्तर वर्षांचे. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करायचं काम केलं, त्यामुळे खांदे रुंद आणि हात जाडजूड. पण गाठीचं निदान होईपर्यंत त्यातलं फारसं शिल्लक राहिलं नव्हतं. शर्ट हँगरला लावल्यासारखा दिसायचा. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. धाकटा भाऊ परगावी असतो आणि फोनवरून काळजी करतो.

सर्जन कमी बोलणारे आहेत, ते मला आवडतं. ते म्हणाले, “गाठ काढता येण्यासारखी आहे. पण पन्नास किलोच्या या खंगलेल्या माणसाला आज टेबलावर घेतलं तर गाठ निघेल, माणूस राहणार नाही. तीन आठवडे देतो. रोज चौदाशे कॅलरी पोटात गेल्या पाहिजेत. वजन वाढलं, निदान टिकलं, तर तारीख देतो.”

“आणि उतरलं तर?” बाबांनी विचारलं.

“नीट खात नसाल म्हणून उतरलं, तर खायला घालायचा दुसरा मार्ग शोधू. पण नीट खाऊनही उतरलं तर समजायचं की खाल्लेलं गाठच खाते आहे. मग मी चाकू लावणार नाही. तुम्हाला उगाच त्रास देण्यात अर्थ नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही तर आपल्याच हॉस्पिटलच्या. तक्ता तुम्हीच ठेवा. मला तो बघूनच ठरवावं लागेल.”

आहारतज्ज्ञ मॅडमनी त्यात एका अटीची भर घातली. सुरुवातीला पंधराशेच्या पुढे जायचं नाही. पोट बऱ्याच दिवसांनी कामाला लागतंय, एकदम जास्त गेलं तर उलटेल, रक्तातले क्षार बिघडतील. “चौदाशे झाले की स्वयंपाकघर बंद, ताई,” त्या म्हणाल्या. मला हसू आलं. जिला तिच्या कामाच्या पहिल्या दिवशी मी ट्रॉल्या दाखवल्या ती मला स्वयंपाकघर बंद करायला शिकवत होती.

त्याच संध्याकाळी मी बाजारात जाऊन नवी भांडी आणली. आजारी माणसापुढे भलंमोठं भरलेलं ताट ठेवलं की ते बघूनच त्याचं पोट भरतं, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. चार घास खाऊन ताट तसंच राहतं आणि आपण काहीच खाल्लं नाही म्हणून तो आणखी खचतो. तेवढंच अन्न छोट्या भांड्यात दिलं की बघता बघता संपतं. म्हणून एक छोटी ताटली आणि दोन छोट्या वाट्या घेतल्या, पांढऱ्या, आतून काठाखाली निळी रेघ असलेल्या.

“ही काय भातुकली आहे का?” बाबा म्हणाले.

“संपवून दाखवा, मग बोला.”

त्यांनी संपवून दाखवलं. पहिल्याच दिवशी ओट्सची वाटी पाऊण, दुपारी मऊ भाताची ताटली पाऊण, कस्टर्डची वाटी पूर्ण. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तक्ता मी पट्टीने आखला होता. डावीकडे पदार्थ, पुढे त्याच पाच चौकटी. कोष्टक मला तोंडपाठ. ओट्स वाटीभर, दोनशे दहा. कस्टर्ड वाटीभर, दोनशे चाळीस. सूप वाटीभर, एकशे तीस. भात आणि चिकन ताटभर, चारशे वीस. उकडलेलं अंडं, ऐंशी. सहा वेळा खाणं, सहा वेळा खुणा. वाटी निळ्या रेघेपर्यंत भरायची, ताटली कडेपर्यंत, आणि खाऊन झालं की बघायचं. पाऊण, पूर्ण, पाऊण, अर्धं. माझा हात बसलेला होता. डोळे झाकून केलं असतं तरी चाललं असतं.

धाकट्याने स्वयंपाकघरात ठेवायचा वजनकाटा कुरियरने पाठवला. सोबत फोन. “ताई, अंदाजावर जाऊ नकोस गं. वाटी काट्यावर ठेव, बटण दाब, आकडा लिही. सोपं आहे.”

“एकोणीस वर्षं मी तिथे काय गोट्या खेळते का?” मी म्हटलं.

“तसं नाही गं...”

“तसंच आहे. तू तुझं काम बघ.”

काटा खोक्यातून बाहेरही काढला नाही. कपाटात वर टाकला, जुन्या पिशव्यांच्या मागे.

बाबांना वाढून झालं की पातेल्यात जे मागे राहायचं ते मी खायचे. अन्न टाकायचं नाही, एवढ्याच विचाराने. चार वाजता मी उभ्या उभ्या कस्टर्ड खायचे, संध्याकाळी सूप. पंधरा दिवसांत कामावरचा कोट छातीवर ओढायला लागला. आचारी म्हणाला, “पाऊणताई पूर्ण झाल्या!” बोळातल्या सगळ्या बायका हसल्या, मीही हसले.

दिवसभरात एकच वेळ अशी असायची की मला काही वाटायचं. एरवी मला फारसं काही वाटत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आई गेली तेव्हा तिच्या शेवटच्या नऊ दिवसांचे ट्रे मीच तपासले होते, पाव, पाव, काही नाही, आणि चौथ्या दिवशी मी परत कामावर होते. लोकांना वाटलं मी खंबीर आहे. मी खंबीर नव्हते, आत नुसता बधिरपणा होता, दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गालात असतो तसा. तो उतरेल म्हणून मी वाट बघितली आणि मग वाट बघायचंही राहून गेलं. पण त्या तीन आठवड्यांत, संध्याकाळी सूप झालं की मी टेबलाशी बसून बेरीज करायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे.

“चौदाशे वीस.”

“पास?” बाबा विचारायचे.

“पास. आजचं स्वयंपाकघर बंद.”

ते मान हलवायचे. मी तक्ता मिटायचे, भांडी घासायचे, आणि तेवढा वेळ मला चक्क बरं वाटायचं.

पहिल्या आठवड्यात वजन तीनशे ग्रॅम उतरलं. मॅडम म्हणाल्या, पाण्याचं असेल. दुसऱ्या आठवड्यात आणखी सातशे. त्यांनी तक्ता दोनदा वाचला. “खाणं तर चांगलं चाललंय,” त्या म्हणाल्या, आणि कपाळावर आठी घालून त्यांनी सही केली. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बाबा काट्यावर उभे राहिले, तेव्हा सुरुवातीपेक्षा दोन किलो दोनशे ग्रॅम कमी भरले.

सर्जननी तक्त्याची पानं एकेक करून उलटली. घाई केली नाही. “घरच्या माणसांनी इतका चोख तक्ता ठेवलेला मी आजवर पाहिला नाही,” ते म्हणाले. “दुसऱ्या कोणी आणला असता तर मी आकड्यांवर शंका घेतली असती. तुमच्यावर घेण्याचं कारण नाही.”

मग त्यांनी पानं जुळवून माझ्याकडे परत दिली. “रोज चौदाशे जाऊनही उतरतंय. म्हणजे मी म्हणालो होतो ते. ऑपरेशन नको. आता दुखणार नाही एवढं बघू.”

बाबा म्हणाले, “बरं.”

मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. बहुतेक मीही बरं म्हणाले असेन. टेबलावर एक स्टेपलर होता, त्याच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीने खोली क्रमांक लिहिला होता, तो मी वाचत होते. घरी येताना बाबांनी विचारलं, आता छोट्या वाट्या परत करता येतील का? मला वाटतं ते मला हसवायला बघत होते.

रजा घेतली नाही. घरी बसून काय करायचं होतं? सकाळी ट्रॉल्या, दुपारी ट्रॉल्या, मध्ये घरी जाऊन बाबांचं खाणं. चौकटी भरायची सवय सुटेना म्हणून तक्ताही चालू ठेवला. बाबांनी पलंगाखालची हत्यारांची पेटी काढली होती आणि दिवसभर ते पान्यांवर तेलाचा बोळा फिरवत बसायचे. कोणता पाना कोणाला द्यायचा, त्याच्या चिठ्ठ्या चिकटवायचे. वाढलं की खायचे. नाही म्हणायचे नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी मी निघाले, तर आचाऱ्याने मला हाक मारली. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. बोलायला त्याला जमलं नाही, म्हणून त्याने वॉर्डातली एक कस्टर्डची वाटी झाकण लावून माझ्या हातात दिली. “ताई, आज तुम्ही करू नका. हे न्या. आपलंच आहे.”

घरी आले. ओट्यावर बाबांची वाटी ठेवली, हॉस्पिटलच्या वाटीचं झाकण काढलं आणि कस्टर्ड ओतायला लागले. वाटी भरली. निळ्या रेघेवर आलं, काठावर आलं, आणि मी ओततच होते. डोळ्यांना दिसत होतं, पण हाताला कळत नव्हतं. कस्टर्ड ओट्यावरून खाली माझ्या चपलेवर पडलं तेव्हा मी थांबले. हॉस्पिटलच्या वाटीत अजून बरंच शिल्लक होतं.

मग दुसरी वाटी घेतली आणि उरलेलं तिच्यात ओतलं. तीही अर्ध्याच्या वर गेली.

हॉस्पिटलच्या वाटीच्या बुडाला आकडा कोरलेला आहे, एकशे ऐंशी मिलिलिटर. एकोणीस वर्षं मी तो बघत आले. बाबांच्या वाटीच्या बुडाला काही नव्हतं. मी ती धुतली, खोकल्याच्या औषधाचं दहा मिलिलिटरचं झाकण घेतलं आणि मोजून पाणी भरलं. दहाव्या झाकणाला पाणी निळ्या रेघेला लागलं.

मग ताटली. मग खुर्चीवर चढून धाकट्याचा काटा काढला, भात शिजवला, ताटली रोजच्यासारखी कडेपर्यंत भरली आणि काट्यावर ठेवली. वॉर्डातल्या ताटात जेवढं असतं त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त भरलं.

कामावर मी कधी वाढलेलं नाही. वाढतात आचाऱ्याच्या हाताखालच्या बायका, मापाच्या डावाने, आणि ते माप कधी बदलत नाही. मी फक्त उरलेलं बघते. माझ्या डोळ्यांना पाऊण कळतं, पण कशाचं पाऊण ते कळायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. मी बाबांसाठी भांडी लहान केली आणि आकडे मोठ्या भांड्यांचे ठेवले. एवढंच झालं होतं. शाळकरी पोराच्याही लक्षात आलं असतं, काट्याच्या तर आलंच असतं.

टेबलाशी बसून मी पंचवीस दिवसांचा तक्ता नव्याने मांडला. आठशे दहा. सातशे साठ. सातशे ऐंशी. आठशे तीस. अंडं तेवढं खरं होतं, अंड्याचं माप मला बदलता आलं नव्हतं. पातेल्यात मागे जे राहायचं ते कुठे गेलं, तेही मला माहीत होतं. माझ्या कोटाची बटणं त्याची साक्ष देत होती.

शेजारच्या खोलीत बाबा पेटीतल्या वस्तू खाली-वर करत होते, त्याचा आवाज येत होता. मला लाज वाटली. गेल्या चार दिवसांत मला जे वाटायला हवं होतं ते वाटलं नव्हतं, आणि हे मात्र लगेच वाटलं.

त्या दिवशी मी त्यांना काहीच सांगितलं नाही. आधी सर्जन काय म्हणतात ते कळू दे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉल्या यायच्या आधी मी मॅडमच्या खोलीत गेले. दोन्ही वाट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि सांगितलं. त्यांनी आधी वाट्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“तुम्ही?” त्या म्हणाल्या. “ताई, तुम्ही?”

“हो.”

“मी एकदाही विचारलं नाही तुम्हाला. वाटी केवढी आहे म्हणून. बाहेरच्या प्रत्येकाला विचारते. सगळ्यात पहिला प्रश्न तोच असतो माझा.”

त्या रडायला लागल्या. मी त्यांना पाणी दिलं. माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या सहीच्या तीन जागा होत्या त्या तक्त्यावर, पण माझ्याकडे बोट न दाखवता त्या सर्जनकडे माझ्याबरोबर आल्या.

सर्जननी सगळं ऐकून घेतलं. नव्याने केलेल्या बेरजा वाचल्या.

“म्हणजे गाठ खात नव्हती,” ते म्हणाले. “आपण उपाशी ठेवत होतो.”

“मी ठेवत होते,” मी म्हटलं.

“सही आमचीही आहे.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “हे बघा, खोटा दिलासा देणार नाही. पन्नास किलो असतानाच मला धोका वाटत होता. आता ते सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसवर आहेत. पण दार बंद झालं असंही म्हणत नाही. आजपासून काट्यावर मोजून द्या. पंधरा दिवसांत दीड किलो वर आणा, मी टेबलावर घेतो. नाही आणता आलं, तर नळीचा विचार करू, पण पोटात गाठ ज्या जागी आहे ते बघता नळीकडून मला फार आशा नाही. ते स्वतः किती खातात, त्यावर सगळं आहे.”

“खातात ते,” मी म्हटलं. “वाढलं की खातात.”

“मग जा घरी. आज ट्रॉल्या दुसरं कोणी बघेल.”

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी झाकणं न उचलता त्या बोळातून गेले.

बाबा खिडकीपाशी बसले होते. पेटी बंद होती, चिठ्ठ्या लावून झाल्या होत्या. मी समोर स्टूल ओढलं आणि फिरवून-फिरवून न बोलता सरळ सांगितलं. वाट्या लहान होत्या, आकडे मोठे लावले, चूक माझी. गाठीने काही खाल्लं नाही. पंधरा दिवसांत दीड किलो वाढलं तर सर्जन अजूनही ऑपरेशन करतील.

त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बिघाडांबद्दल असंच ऐकत आले होते ते.

“म्हणजे किती जात होतं?” त्यांनी विचारलं.

“सातशे. आठशे.”

“आणि हवं होतं चौदाशे.”

“हो.”

मला वाटलं आता ओरडतील. लहानपणी एकदा मी त्यांचा टेस्टर मोडला होता तेव्हा ओरडले होते, तसं. मी त्याची वाटच बघत होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुठला तरी हिशेब जुळल्यासारखे ते दिसत होते.

“मग ती भूक खरीच होती म्हणायची,” ते म्हणाले.

“कसली भूक?”

“रोज लागायची गं. सूप झालं की तासाभरात. कधी कधी अशी, की पोटात कळ यायची. पहिल्यांदा मला बरंच वाटलं. म्हटलं, इतक्या महिन्यांनी भूक लागतेय, सुधारतोय आपण. पण तू तर पास म्हणून सांगितलेलं असायचं. मग म्हटलं, पोट भरलेलं आहे आणि तरी भूक लागते, म्हणजे हा आजाराचाच खेळ असणार. पाणी प्यायचो आणि कुशीवर वळून झोपायचो.”

“मग सांगायचं ना बाबा. एकदा तरी म्हणायचं.”

“एकदा उठून आलो होतो की. स्वयंपाकघरापर्यंत आलो होतो. तू भांडी घासत होतीस आणि काहीतरी गुणगुणत होतीस. तुझी आई गेल्यापासून तुला गुणगुणताना ऐकलं नव्हतं मी. म्हटलं, जाऊ दे. आता कुठे हिला दोन मिनिटं बरं वाटतंय, त्यात कशाला आणखी मागत बसायचं. परत जाऊन पडलो.”

गालातली सुई उतरायला लागली की आधी मुंग्या येतात आणि मग दुखतं. मी स्टूलवर बसून होते आणि मला सगळीकडे दुखत होतं, हातांतसुद्धा. बाबांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. जाडजूड होता तो हात, आता हाडांवर कातडं तेवढं उरलं होतं.

“मी आत्ता करते,” मी म्हटलं. “काट्यावर मोजून करते. भात करते, चिकन आहे, कस्टर्ड करते. भूक लागली असेल तुम्हाला.”

बाबांनी खरं उत्तर शोधत असल्यासारखं पोटावर हात ठेवला. क्षणभर तिथेच ठेवून बघितला.

“नाही गं,” ते म्हणाले. “ऑपरेशन नको म्हणाले ना ते, त्या दिवसापासून नाही लागत. पण तू वाढ. खातो मी.”